बंबात गेलेलं नववं प्रकरण

मी एका कादंबरीचं अख्खं प्रकरण जाळून त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं आहे. रागाच्या भरात नव्हे. अगदी शांतपणे, काम नीट उरकल्याच्या समाधानात. पाणी चांगलं कढत झालं होतं आणि त्या दिवशी मी डोक्यावरून न्हाले होते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं, आणि ती आल्याचा भ्रम मात्र ताजा ताजा. नाकावर चष्मा, केसांत खोचलेली पेन्सिल आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही बाई नसती तर मराठी कादंबरीचं काही खरं नव्हतं! आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिची पेन्सिल काढून घेईन आणि तिला आधी भाजी निवडायला बसवीन.

नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या गल्लीत अण्णांची छोटी प्रकाशनसंस्था होती. खाली छापखाना, वरच्या मजल्यावर आम्ही. माझं काम हस्तलिखितं सुधारण्याचं. शेजारणी विचारायच्या, "म्हणजे शुद्धलेखन का हो?" नाही. शुद्धलेखन बघणारे एक वेगळे गृहस्थ होते आणि ते माझ्याशी बोलत नसत. मी बघायची ती कथेतली माणसं आणि त्यांचे दिवस. नायिका सोमवारी माहेरी गेली, तर मंगळवारी सासरी चहा कोण करतंय? आजोबा पहिल्या पानावर साठ वर्षांचे असतील, तर मध्ये दहा वर्षं उलटूनही ते बासष्टचेच कसे? कुठलं पान काढलं तर कुणालाच चुकल्यासारखं वाटणार नाही, आणि कुठे लेखक महत्त्वाचं सांगायचं सोडून खिडकीबाहेर बघत बसलाय? प्रत्येक कादंबरीची मी वेगळी वही करायची. कोण किती वर्षांचं, कुणाचं दार कुठल्या दिशेला, कोण कुणावर कधीपासून रुसलंय, सगळी नोंद त्यात. एखाद्या गावाची मीच तलाठी असल्यासारखी.

हत्यारं तीन. पेन्सिल, कात्री आणि गोंद. संगणक आला होता, पण तो खाली, टाइप करणाऱ्या शैलाच्या ताब्यात. मजकूर पक्का झाला की मगच त्याच्यापर्यंत जायचा. तोवर परिच्छेद मागून पुढे न्यायचा तर तो कात्रीने कापायचा आणि गोंदाने चिकटवायचा. नको असलेलं टेबलाखालच्या टोपलीत. टोपली भरली की पिशवीत घालून मी घरी न्यायची, बंबाला जळण म्हणून. नात परवा म्हणाली, "आजी, तेव्हा कंट्रोल झेड नव्हतं?" नव्हतं ग बाई. गोंद वाळला की वाळला.

अण्णांचा एक नियम होता. हस्तलिखित पहिल्यांदा वाचायचं ते हात मांडीखाली ठेवून. पेन्सिल दुसऱ्या वाचनाला. "आधी वाचक व्हा, मग वैद्य," ते म्हणायचे. दोन वर्षं मी हा नियम पाळला. मग सुभेदारसाहेब आले आणि माझं डोकं फिरलं.

देवळाली कॅम्पात राहणारे हे निवृत्त सुभेदार. तोफखान्यात नोकरी झालेली, त्यामुळे थोडं कमी ऐकू यायचं आणि सगळंच मोठ्याने बोलायचे. त्यांच्या कादंबरीत नायकाचा भाऊ तिसऱ्या प्रकरणात मरण पावला, आणि चौदाव्यात बहिणीच्या लग्नात बसून श्रीखंड खात होता. तो मेलाय हे त्यांच्या घरच्यांनी, मित्रांनी, अगदी अण्णांनी वाचूनही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी पकडलं.

"तिसऱ्यात मारलाय?" सुभेदारसाहेब उभे राहिले. "मग श्रीखंड कोण खातंय?"

"तेच तर मी विचारतेय."

"बाई, आत्ताच्या आत्ता ठरवा. मारायचा की जेवायला बसवायचा? मी दोन्हीला तयार आहे!"

आम्ही जेवायला बसवला. पुस्तक निघाल्यावर सुभेदारसाहेबांनी भर समारंभात मला उभं करून सांगितलं की या बाईंच्या नजरेतून मेलेला माणूससुद्धा सुटत नाही. टाळ्या! झालं, मला शिंगं फुटली. अण्णासुद्धा नवी हस्तलिखितं स्वतः न वाचता थेट माझ्याकडे पाठवायला लागले. आता मी हस्तलिखित उघडायची ती पेन्सिल हातात धरूनच. पहिल्या पानापासून शिकार. गोष्ट काय आहे ते कळायच्या आधी लेखक कुठे विसरलाय ते मला हवं असायचं.

आणि नेमकी तेव्हाच सिंधूबाई जिना चढून वर आली.

दिंडोरीच्या पुढे एका वस्तीवरची ही द्राक्ष बागायतदारीण. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, दहावीपर्यंत शिकलेली. कापडी पिशवीत दोनशे पानी तीन वह्या आणि वर द्राक्षांचा एक घड, वह्यांना ओल लागू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला. टेबलावर वह्या ठेवून ती म्हणाली, "ताई, माझं लिहिणं घरात कुणाला खुपतं असं नाय. पण मालक म्हणतात, बागेतलं काम सोडून बागेवर लिहू राहिली. चुकलं असंल तिथं दुरुस्त करा. फक्त गावाला हसू येईल असं काय राहू देऊ नका. एवढं माझं बघा."

"निश्चिंत राहा," मी म्हणाले. काय तो आवाज! आठवला की आजही मला स्वतःच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो.

कादंबरी होती यमुना नावाच्या एका सुनेची. चौथ्या प्रकरणात, चैत्राच्या उन्हात, घरचे सगळे द्राक्षबाग छाटतात. सासू सांगेल तसं यमुना कापत जाते. मी वहीत नोंद केली, 'चैत्र, बाग छाटली.' पुढे नववं प्रकरण. दसरा होऊन गेलेला, यमुनेचा नवरा पाय मोडून नाशिकला दवाखान्यात, आणि यमुना पुन्हा बाग छाटतेय!

पकडलं! मेलेला भाऊ श्रीखंड खातोय, छाटलेली बाग पुन्हा छाटतेय! बाई पाच प्रकरणांपूर्वीचं स्वतःचं लिहिलेलं विसरली! मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन शैलालासुद्धा सांगून आले. जन्म नाशकात गेलेला, दरवर्षी किलोकिलोने द्राक्षं खाल्लेली, पण द्राक्षाची वेल वर्षातून किती वेळा छाटतात हे कुणाला विचारावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. विचारायची गरज काय? वहीत नोंद होती ना!

मग कात्री. नवऱ्याचा पाय मी चैत्रातच मोडला. नवव्यातले चांगले वाटले ते सहा-सात संवाद कापून चौथ्यात चिकटवले. एक छाटणी, एक अपघात, कथानक घट्ट. उरलेली अकरा पानं टोपलीत, तिथून पिशवीत, पिशवीतून बंबात. समासात लिहिलं, 'पुनरावृत्ती. वगळले.' खाली सही.

सुधारलेली प्रत नव्या लेखकाला दाखवायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती. एक तर तो घाबरतो, नाहीतर भांडतो. त्यापेक्षा पुस्तकच हातात द्यावं, म्हणजे तो आनंदात असतो. ही पद्धत किती वाईट होती हे मला कळलं ते ऑक्टोबरात.

प्रकाशन दिवाळीच्या पाडव्याला, सिंधूबाईच्याच गावात ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. छापखान्यात सोळा सोळा पानांचे फर्मे मशीनवर चढायला लागले होते. मागच्या पानासाठी सिंधूबाईचा फोटो आणि थोडी माहिती हवी होती, म्हणून मी एसटीने दिंडोरीला आणि तिथून जीपने वस्तीवर गेले.

बघते तर बागेत पंधरा-वीस माणसं कात्र्या घेऊन वेलींवर तुटून पडलेली. हिरव्यागार पानांसकट काड्या खाली पडतायत, जमिनीवर नुसता खच.

"अहो, भरली बाग काढून टाकताय की काय?" मी ओरडलेच.

सिंधूबाईची सासू बांधावर बसून देखरेख करत होती. "काढतोय कशाला? छाटणी हाय."

"पण छाटणी तर चैत्रात होते ना?"

"ती खरडछाटणी. ही फळछाटणी. ती काडी तयार व्हायला, ही माल यायला. दोन्ही होतात, वर्साच्या वर्साला." आणि मग कामावरच्या बायांकडे वळून म्हातारी म्हणाली, "अगं ऐकलं का? नाशिकच्या बाई म्हणू राहिल्या, द्राक्षाला एकदाच छाटायचं. मग वर्षभर पाला खा म्हणावं!"

अख्खी बाग हसली. सवयीने मीही हसले. मग ते हसू तोंडातच गोठलं.

सिंधूबाई पलीकडच्या ओळीत हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, कालच छाटलेल्या काड्यांना फूट निघायचं औषध लावत होती. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "माझं नववं प्रकरण हाय ना?"

त्या क्षणी माझ्याकडे निदान तीन थापा तयार होत्या. थापा मारण्यात मी लहानपणापासून पटाईत. पण एकही बाहेर आली नाही.

"काढलं," मी म्हणाले.

"वही?"

"कापली."

"कापलेलं कुठंय?"

"जाळलं."

"कशाला?"

"अंघोळीला."

म्हातारीने तंबाखू दाढेखाली सरकवला. "पाणी तरी तापलं का नीट?"

कुणी हसलं नाही. सिंधूबाई टाकीपाशी जाऊन हात धुवायला लागली, आणि बराच वेळ धूतच राहिली. तेवढ्यात तिचे मालक, रंगनाथभाऊ, ट्रॅक्टरवरून उतरून आले. त्यांना कुणीतरी सांगितलं. ते माझ्यावर नाही, बायकोवरच तडकले. "म्हणजे पाडव्याला पंचक्रोशीसमोर आपल्या घरचं पुस्तक सांगणार, बाग एकदाच छाटायची? लोक म्हणतील रंगनाथाच्या बायकोला छाटणी ठाऊक नाय! वीस वर्सं बागेत काढून! मी सोसायटीत तोंड कसं दाखवू?"

सिंधूबाईने पदराला हात पुसले. "तुमच्या तोंडाचं नंतर बघू," ती म्हणाली. "ताई, कोरी वही आणली का?"

आणली होती! माझ्या पिशवीत कोरी वही कायम असायची. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली असेन.

पण छाटणीच्या दिवसांत बागायतदारणीला बसून लिहायला सवड कुठली? बाग थांबत नाही. मजुरांची टोळी पेठ-सुरगाण्याकडची, तिला पुढच्या बागेत जायचं होतं. म्हणून ठरलं असं, की तिने औषध लावत जायचं आणि बोलायचं, मी मागून चालत लिहायचं. दोन दिवस आमची ही वरात ओळीओळीतून फिरली. सकाळच्या गाडीने मी यायची, दुपार कलली की निघायची. चपलेला चिखल, कानाला काड्या लागतायत, पेनाला घाम. आणि काय सांगू तुम्हाला, एवढी मजा मला टेबलाशी बसून उभ्या जन्मात आली नव्हती!

कारण ऐकणाऱ्या आम्ही दोघीच नव्हतो. अख्खी टोळी कान देऊन होती. सिंधूबाई म्हणाली, "नवरा दवाखान्यात गेला, टोळी बांधावर येऊन उभी राहिली, आणि यमुनेला भीती वाटली..."

"नाय ओ बाई," कमळी नावाची एक मजूरबाई मधेच बोलली. "भीती मागून. आधी राग येईल तिला."

"राग कुणाचा?"

"सगळ्यांचा! नवऱ्याचा, की आत्ताच पडायचं होतं का. सासूचा, की सगळं ठाऊक असून मुद्दाम सांगत नाय. आभाळ आलंय त्याचा. आमचासुदिक, की आम्ही नुसत्या बघत उभ्या."

सिंधूबाई थांबली. मग म्हणाली, "लिहा ताई. राग आला."

"कादंबरीतली सासू मुद्दाम का सांगत नाय ते पण लिहा," बांधावरून म्हातारी ओरडली. "तिच्या सासूनं तिला सांगितलं नव्हतं म्हणून!"

मी तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा नेहमीचा शहाणा प्रश्न विचारला. "पण यमुना काडीवर किती डोळे ठेवायचे ते कशावरून ठरवते?" डोळा म्हणजे काडीवरचा तो फुगीर ठिपका, जिथून नवी फूट निघते. चैत्रात सगळ्या काड्या आखूड कापायच्या, फार विचार नाही. पण दसऱ्यानंतर प्रत्येक काडीकडे वेगळं बघावं लागतं. घड एखाद्याच डोळ्यात दडलेला असतो. त्याच्या अलीकडे कापलं तर तो गेला, नुसता पाला येतो.

सिंधूबाईने कमळीच्या हातातली कात्री घेऊन माझ्या हातात दिली. "कापा."

"मी?"

"वह्या कापताना विचारलं होतं का?"

एवढंच काय ते ती मला लागेलसं बोलली. मी काडी धरली. जाड, तपकिरी, तिच्यावर दहा-बारा डोळे, सगळे सारखे दिसतायत. इथे? की इथे? मागे पंधरा माणसं बघतायत. त्या एका काडीपुढे मी इतका वेळ उभी राहिले की कमळीने तेवढ्यात आपली अर्धी ओळ दुसरी कात्री घेऊन उरकली. शेवटी मी कापलं. म्हातारी उठून आली, पडलेला तुकडा उचलून तिने डोळ्याजवळ धरला.

"गेला घड," ती म्हणाली. "पुढची घ्या."

पुढची घ्या! मी चार काड्या कापल्या, त्यातली एक बरोबर निघाली म्हणतात. कात्री परत दिली तेव्हा माझा हात थरथरत होता. सिंधूबाई म्हणाली, "हां. आता यमुनेचा हात लिहा."

अण्णांना सांगणं बाकी होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. चौथा फर्मा छापून झाला होता, आणि मी बिघडवलेलं चौथं प्रकरण नेमकं त्यातच होतं.

"फर्मा रद्द," ते म्हणाले. "मशीन थांबवा. शैलाला खाऊ घाला, ती आता उठणार नाही. आणि वसुधाबाई..."

"हं?"

"पुढची कादंबरी मासेमारीवर आली, तर आधी पोहायला शिकून या."

मग ते चार दिवस! चौथ्या प्रकरणात मी चिकटवलेले तुकडे मीच नखाने सोलून काढले. जळण्यापासून वाचले होते ते तेवढेच. ते नव्या मजकुरात बसवले. शैला टाइप करतेय, मी शेजारी उभी राहून वाचून दाखवतेय, शुद्धलेखनवाले गृहस्थ माझ्याशी पहिल्यांदा बोलले ("बाई, जरा हळू!"), पलीकडून मशीनवाले हाका मारतायत, 'पान आलं का, पान आलं का?' पाडव्याच्या आदल्या दिवशी पुस्तकं बांधून आली. गोंदाचा वास येणारी, अजून जरा ओलसर.

समारंभाला गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष होते गावातले एक जुने बागायतदार. गंभीर माणूस, बोलणं मोजकं, आणि द्राक्षाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. सिंधूबाईने नवव्या प्रकरणातली दोन पानं वाचली. तिचा आवाज सुरुवातीला लागत नव्हता, मग लागला. वाचून झाल्यावर सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. रंगनाथभाऊ भिंतीला टेकून उभे, रुमाल मुठीत आवळलेला. मी मागच्या रांगेत, जिन्याजवळ, पळायला सोपं पडेल अशी.

अध्यक्षांनी माईक जवळ ओढला. "छाटणी बरोबर हाय," ते म्हणाले आणि खाली बसले.

मोठमोठ्या टीकाकारांचे लेख मी वाचले आहेत. इतकं नेमकं परीक्षण एकदाही वाचलेलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला! रंगनाथभाऊ तर शेजारच्याला सांगत सुटले, "दोन्ही छाटण्या हायेत पुस्तकात. खरड पण, फळ पण."

(छाटणी आणि हस्तलिखित सुधारणं यांची उपमा तुमच्या ओठावर आली असेल. कृपा करून गिळा. त्यानंतरच्या दहा वर्षांत मला ती प्रत्येक सत्कारात ऐकावी लागली आहे, आणि ती देणाऱ्या एकानेही काडी कापलेली नव्हती.)

त्यानंतर मी काम बदललं नाही, पण पद्धत बदलली. पहिलं वाचन हात मांडीखाली ठेवून. कापलेला कागद वर्षभर खोक्यात. लेखकाला दाखवल्याशिवाय एक ओळ खाली जायची नाही, मग तो घाबरो की भांडो. पुष्कळजण भांडले. एका प्राध्यापकांनी सूर्योदयाची तीन पानं कापू दिली नाहीत आणि सात महिने माझ्या घरासमोरून गेले तरी मान वळवली नाही. पण त्यांचा सूर्य उगवला तो त्यांच्या मर्जीने.

सिंधूबाईच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली ती दोन हजार सालानंतर. तोवर पत्रं यायची, आणि दर दोन पत्रांमागे एकात नवव्या प्रकरणाचं कौतुक. कुणी म्हणे यमुनेचा राग, कुणी म्हणे तो थरथरणारा हात. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मनाशी मी हिशेब मांडला होता की माझ्या मूर्खपणाचं शेवटी सोनंच झालं. मी ते जाळलं नसतं तर हे लिहिलं गेलं असतं का?

नव्या आवृत्तीची प्रत द्यायला मी वस्तीवर गेले. म्हातारी आता नव्हती. चहा झाला. मी माझं ते समाधान बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, ते हळूच बाहेर काढलं. म्हटलं, "सिंधूबाई, एक विचारू? जळलेल्या प्रकरणापेक्षा हे नवं सरसच झालं, नाही का?"

सिंधूबाईने कप खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि बहुतेक इतकी वर्षं ते विचारायचं तिच्या मनात राहिलं होतं. ती म्हणाली:

"मला काय माहीत, ताई? मी एकदाच लिहिलं आन् वही तुमच्या हातात दिली. परत वाचायला सवड कुठं होती? ते आख्ख्या जगात तुम्ही एकट्यांनीच वाचलं होतं. तुम्हीच सांगा ना, कसं होतं?"